जायफळाच्या वासाची गिटार

नाशिक रोड,
२ मार्च २०२५

प्रिय अंजू,

सलाम, जय भीम, आणि तुझ्या गुडघ्यांना माझी सहानुभूती.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोनवर तुझा आवाज मला पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा येतो, आणि व्हॉट्सअॅपवर तू नुसती गुलाबाची फुलं पाठवतेस. एवढी वर्षं निफाडच्या पोरांना मराठी शिकवलंस, त्यातलं थोडं माझ्यावरही खर्च कर.

टाकीचं कारण सांगते, पण ते तुझ्यापाशीच ठेव. डावा कान तर गेलाच होता, आता उजवाही बिनपगारी रजेवर निघालाय. डॉक्टर म्हणाला, आतली नस शाबूत आहे, बाहेरचा कारभार बिघडलाय. नाशिक महापालिकेबद्दल बोलतोय की काय असं वाटलं मला. अब्बांचं दुकान मी अजून चालवते ते लोकांच्या एका समजुतीवर, की बिलकिसबाईंचा कान म्हणजे कान. बाई बहिरी आहे म्हटल्यावर गिटार दुरुस्तीला कोण टाकेल? मी आता हनुवटी गिटारीच्या अंगावर टेकवते आणि तार छेडते. आवाज हाडातून चढतो, अगदी लख्ख. गिऱ्हाइकाला वाटतं, बाई लाडात आलीय.

तर बातमी अशी. गंगापूर रोडला रविराज नावाचा बिल्डर हॉटेल उघडतोय. त्यात म्हणे जुन्या दुर्मिळ गिटारींचं दालन असणार. त्याला स्वतःला गिटार आणि घमेलं यातला फरक सांगता येईल, पण फार घाई करू नये. म्हणून पारखायला मला बोलावलंय. कोणी गिटार विकायला आणली की मी बघायची, खरी असेल तर सही द्यायची. माझी सही असलेलं कार्ड गिटारीखाली लागणार. अब्बा असते तर पेढे वाटले असते.

पहिली आली ती ‘वेलबर्न’, अमेरिकेची नामांकित कंपनी. आणणारा गोटीराम नावाचा दलाल. म्हणाला, "मॅडम, देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या साहेबानं जाताना आपल्या खानसाम्याला दिलेली." अगं, देवळालीच्या साहेबांनी किती गिटारी मागे टाकल्यात! इंग्रज या देशात राज्य करायला आलेच नव्हते, गिटारी विसरायला आले होते. पोटातल्या लेबलावर साल होतं १९५८. म्हणजे साहेब सत्तेचाळीसला गेला आणि खास गिटार विसरण्यासाठी परत आला. मी दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा आत घातला. बाहेरून गिटार आजीबाई आणि आतून लाकूड पांढरंफटक, कालच तासलेलं. वर काडेपेटीसारखा काहीतरी वास. पॉलिशवाला बिड्या ओढत असणार.

परत पाठवली. तुझं काय चाललंय?

तुझी,
बिलकिस

*

निफाड,
१२ मार्च २०२५

प्रिय बिल्लू,

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या चुका मैत्रीखातर मोजल्या नाहीत.

कानाचं वाचून वाईट वाटलं. पण तरुणपणी आपल्या ऑर्केस्ट्रात मी गायचे तेव्हाही तू माझं ऐकत नव्हतीसच, त्यामुळे आपल्या दोघींत फारसं बिघडणार नाही.

इकडे बेदाण्याचा हंगाम. भाव पडले म्हणून यांनी सगळी द्राक्षं शेडमध्ये घेतली. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून गंधकाची धुरी चालू आहे, आमच्या अंथरुणा-पांघरुणापर्यंत वास. घरात आग नाही आणि तरी सगळे काडेपेटीत राहिल्यासारखे. भिकन म्हणतात, "डास तरी नाय राहिले." त्या माणसाला नुकसानातही फायदा दिसतो, म्हणून तर आम्ही इथवर आलो.

राकेश घरीच आहे. अंबडच्या फर्निचर कारखान्यातून कमी केलं त्याला वर्ष झालं. पहिले काही महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आता दिवसभर शेडमध्ये असतो, बापाला मदत करतो म्हणे.

तुझं पत्र मी जेवणानंतर सगळ्यांना वाचून दाखवलं. साहेब गिटार विसरायला परत आला, तिथे राकेश पोट धरून हसला. बिल्लू, त्या पोराचं हसू मी विसरले होते गं. म्हणाला, "मावशी लय कडू हाय!" तेव्हा लिहीत जा, आणि सविस्तर लिही. आरशाने आत बघतात हे आम्हाला नवीनच. आणखी काय काय बघतेस?

तुझी,
अंजली

*

नाशिक रोड,
३० मार्च २०२५

प्रिय अंजू,

राकेशला सांग, मावशी कडू आहे पण औषधी आहे.

दुसरी वेलबर्न आली. या खेपेला हिरामण नावाचा दलाल. कथा सुधारली आहे: देवळालीचा साहेब रद्द, आता एकलहऱ्याचं वीज केंद्र उभारायला आलेला परदेशी इंजिनिअर. सालाचं गणितही जुळतं. आरसा घातला तर आतलं लाकूड मधासारखं पिकलेलं. मी म्हटलं, माशाल्ला, खरंच आली की काय एखादी!

मग पट्ट्या बघितल्या. गिटारीच्या गळ्यावर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात बघ, तिथे तार दाबतात. या सगळ्या पट्ट्या अगदी सारख्या झिजलेल्या. वरपासून खालपर्यंत समसमान प्रेम. अगं, खरा वाजवणारा पहिल्या तीन पट्ट्यांवर जन्म काढतो, खाली लग्नाच्या वरातीतसुद्धा क्वचित उतरतो. आपल्या ऑर्केस्ट्रातला तो उंच गिटारवाला आठव, त्याला चौथी पट्टी आहे हेच माहीत नव्हतं. हा इंजिनिअर मात्र न्याय करणारा निघाला. कानशीने घासलंय सरळ सरळ.

हिरामणला विचारलं, तर छातीवर हात ठेवून म्हणतो, "मॅडम, साहेब लय शिस्तीचा होता." विकणाऱ्याची हिंमत बघ. चोरी पकडली की चोर शिस्तीवर व्याख्यान देतो.

हिलाही तो काडेपेटीचा वास होता. हे सगळे एकाच पॉलिशवाल्याकडे जात असावेत. परत पाठवली. रविराज कुरकुरला. म्हणाला, "मॅडम, एखादी तरी पास करा, व्हिंटेज म्हणजे शेवटी फील असतो." मी म्हटलं, फील असतो तर मग मला कशाला बोलावलंस, हॉटेलातल्या आचाऱ्याला विचार.

बिलकिस

*

निफाड,
८ एप्रिल २०२५

प्रिय बिल्लू,

तीन पट्ट्यांचा जन्म वाचून यांनाही हसू आलं. यांना म्हणजे भिकनना, जे मतदानाच्या दिवशी हसतात आणि मग पाच वर्षं गप्प.

चौदा तारखेची तयारी चालू आहे. विहारात रंगरंगोटी, पोरांची भाषणं बसवायचं काम यंदाही माझ्याच गळ्यात. निवृत्त झाले हे कुणाला पटतच नाही.

तू लिहितेस ते वाचून वाटतं, खोटं करणाऱ्यालाही किती कष्ट. नुसती काळजी म्हणून विचारते, की समज उद्या पट्ट्याही बरोबर झिजवल्या, तर मग तू कशावरून ओळखशील? तुझं नाव पणाला लागलंय म्हणून विचारते हो. दुसरं काही नाही.

राकेश सुतारकामाला लागलाय. जुनं शिवणीचं लाकूड कुठूनसं आणलंय, रात्रंदिवस रंधा चालू. काय करतोयस विचारलं तर म्हणतो, पाट करतोय. बिल्लू, एवढ्या मनाने पाट करताना मी कुणाला पाहिलं नाही.

तुझी,
अंजली

*

नाशिक रोड,
२० एप्रिल २०२५

प्रिय अंजू,

जयंतीच्या उशिराने शुभेच्छा. तुझी पोरं भाषण विसरली की नाही?

तुझ्या तोंडात साखर पडो की मिरची, ठरवता येत नाही. पट्ट्या बरोबर झिजलेली वेलबर्न आलीच! पहिल्या तीन खोल, पुढे कोऱ्या. पुन्हा गोटीराम. आता कथेत पाद्रीबाबा आहेत, सोबत त्यांचा पिवळा पडलेला फोटो. फोटोत पाद्रीबाबांच्या हातात गिटार नाही, छत्री आहे. पण गोटीराम म्हणतो, गिटार मागच्या खोलीत होती.

मग मी चाव्या खोलल्या, तारा पिळायच्या. जुना धातू वरून काळा पडतो, कारण वर हवा लागते. हिच्या चाव्या स्क्रूखाली, झाकलेल्या जागीसुद्धा काळ्याकुट्ट. म्हणजे सुट्ट्या करून कशाच्या तरी धुरात टांगल्या आणि मग बसवल्या. परत!

पण अंजू, एक गोष्ट मनातून जात नाही. वरची फळी कारखान्यातली नाही. कुणीतरी हाताने तासलीय, शिवणीची. कडेला पातळ, मध्ये दाट, अंगठ्याने दाबून दाबून अंदाज घेत केलेली. अब्बा अशी करायचे. कोण आहे हा गाढव? इतका चांगला हात असून दुसऱ्याचं नाव कशाला लावतो?

आणि बाईसाहेब, तुम्ही दर पत्रात "आणखी कशावरून ओळखतेस" विचारता. परीक्षेला बसणार आहात का? मग घ्या लिहून शेवटचा प्रश्न, हमखास येणारा. अस्सल वेलबर्नच्या पोटातून जायफळाचा वास येतो. अमेरिकेतले कारागीर फळी चिकटवण्याआधी आत जायफळ उगाळत, वरून चारोळी भुरभुरत, आणि मग गिटार श्रीखंडाबरोबर पानात वाढत. झालं समाधान?

बिलकिस

*

निफाड,
२९ एप्रिल २०२५

प्रिय बिल्लू,

छोटंसंच पत्र. ऊन फार आहे, डोकं धरलंय.

तुझं पत्र वाचलं. घरातही वाचलं.

वरची फळी खरंच चांगली होती का गं? म्हणजे उगाच आपलं लिहिलंस, की खरंच अब्बांसारखी?

अंजली

*

नाशिक रोड,
२५ मे २०२५

अंजली,

काल हिरामण चौथी वेलबर्न घेऊन आला. पेटी उघडली आणि दुकानभर श्रीखंडाचा वास सुटला.

मी हसले. इतकी हसले की शेजारचा चहावाला डोकावून गेला. गिटारीच्या पोटात जायफळ, अगं! कुणीतरी खरोखर सहाणेवर उगाळून आत लावलं होतं. चारोळी टाकायचा मात्र त्याला धीर झाला नाही.

मग हसू थांबलं. कारण हा विनोद मी जगात एकाच माणसाला सांगितला होता.

खुर्चीत बसले आणि तुझी सगळी पत्रं आठवत गेले. आरसा कळवला, आतलं लाकूड पिकलं. पट्ट्या कळवल्या, पट्ट्या झिजल्या. गंधकाची धुरी, शिवणीचं लाकूड, रात्रंदिवसचा रंधा आणि ते पाट. तूच सगळं लिहिलं होतंस, आणि मी पॉलिशवाल्याच्या बिड्या शोधत बसले. नाक शाबूत होतं, अक्कल गहाण पडली होती. कुंपणच शेत खातंय हे बघायला आरसा लागत नाही, पण मी तुझ्या बाजूला कधी आरसा धरलाच नव्हता.

एवढंच सांग, की तुला माहीत होतं का?

बिलकिस

*

नाशिक रोड,
१८ जून २०२५

अंजली,

उत्तर नाही. छान. तूही बहिरी झालीस वाटतं.

तरी पुढची बातमी ऐक, तुझ्या घरात वाचायला बरी पडेल. परवा रविराजने हॉटेलवर बोलावलं. मी गिटारींवर वाकले होते. अचानक तो समोर येऊन उभा राहिला, सुतकी चेहऱ्याने. म्हणाला, "मॅडम, मी पाच मिनिटं तुमच्या मागे उभा राहून तुमचं नाव घेतोय." कुणीतरी त्याला फोन करून माझ्या कानांची खबर दिली होती. जनसेवा म्हणून, नाव न सांगता.

मी म्हटलं, संपलं. काम गेलं, अब्बांची पाटी गेली, आता दुकानात मोबाईलची कव्हरं विकायची. पण रविराज रागावलाच नाही, मला खुर्ची दिली, लिंबू सरबत मागवलं. मग म्हणाला, "मॅडम, दसऱ्याला ओपनिंग आहे आणि भिंत रिकामी. त्या परत केलेल्या वेलबर्न मी दलालांकडून मागवून ठेवल्यात, पैसे तुमच्या सहीनंतर. चारही एकोणीसशे अठ्ठावन्नच्या, असं कार्ड लिहा, सही करा. गेस्टना काय कळतंय? तुमच्या कानाचं माझ्याकडून कुठे जाणार नाही."

बघितलंस? इतके महिने मला वाटत होतं, खोटं फक्त विकणारे बोलतात. घेणाऱ्यालाही तेच हवं होतं, फक्त माझ्या सहीचं तोरण लावून.

सही केली तर नाव राहतं आणि मी जाते. नाही केली तर उद्या अख्खं नाशिक रोड माझ्या तोंडापुढे हात नाचवून बोलेल. कानाची गोष्ट मी फक्त तुला सांगितली होती, अंजू. गिटारींचं एक वेळ सोड. हे का?

बिलकिस

*

निफाड,
१ जुलै २०२५

बिल्लू,

आता लिहिते. शब्द नीट लागत नाहीत, तरी तू चुका काढणार नाहीस. काढल्यास तरी चालेल.

माहीत होतं. तुझ्या दुसऱ्या पत्राच्या वेळी शेडमध्ये गेले, तर द्राक्षांच्या जाळीवर गिटार टांगलेली, धुरी खात. मी राकेशला काही बोलले नाही. त्या रात्री तुझं पत्र पुन्हा वाचायला मागितलं त्याने, आणि मी वाचलं. कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडलेलं पोरगं समोर बसून हसत होतं, प्रश्न विचारत होतं, सकाळी उठून कामाला जात होतं. मला तेवढंच दिसलं. बाकीचं मी बघितलं नाही. तुझं नाव बुडेल हे कळत होतं गं. कळूनही "तू कशावरून ओळखशील" हे माझ्याच हाताने लिहिलं. वर्गात कॉपी करणाऱ्याचे पेपर फाडणारी मी.

जायफळाचं मी चढ-उतार न करता वाचलं, धड्यासारखं. थट्टा आहे हे सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही, ते माझं मलाच कळत नाही. कदाचित पकडलं जावं असंच वाटलं असेल.

कानाची ओळ मात्र वाचायची नव्हती, शपथ. पहिल्याच पत्रात होती, वाचनाच्या भरात तोंडातून गेली. चौथी गिटार परत आली तेव्हा राकेशचं डोकं फिरलं. "मावशीला ऐकू येत नाय तर ती पारखती कशी?" म्हणत फोन लावला त्याने. मला तुझ्या पत्रावरूनच कळलं. बत्तीस वर्षांच्या घोड्याला मी आयुष्यात पहिल्यांदा मारलं. तो गाल चोळत शेडमध्ये गेला. नंतर म्हणाला, "तिनं फळी चांगली हाय म्हटलं होतं, आई. मग परत का करती दर येळेला?"

सही करू नकोस असं लिहायला पाहिजे. चार गिटारी खपल्या तर पोरगं उभं राहील हेही मनात येतं, आईचा हात आहे. म्हणून त्याबद्दल काहीच लिहीत नाही. तुझं तू ठरव. माफी मागत नाही, कारण तू ती आरसा घालून तपासशील.

अंजली

*

नाशिक रोड,
१७ ऑगस्ट २०२५

अंजू,

मी सही केली.

आता बस खाली आणि पुढचं वाच.

आधी दुकानावर नवी पाटी लावली, पेंटरकडून रंगवून घेतली: "बिलकिस वाद्य दुरुस्ती. मालकिणीला कमी ऐकू येते. समोर येऊन बोलावे, ओरडू नये, वाद्ये ओरडलेली आवडत नाहीत." पहिल्या दिवशी गल्लीतले सगळे वाचायला आले. दुसऱ्या दिवशी एक आजोबा हार्मोनियम घेऊन आले, म्हणाले, "मलाही येत नाही, आपलं जमेल." तौबा, इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते? रविराजच्या हातात जो हुकमाचा पत्ता होता तो मी स्वतःच चौकात चिकटवून टाकला. त्याचं तोंड सरबतात माशी पडल्यासारखं झालं.

मग त्याला म्हटलं, आता कार्डं लिहिते. पहिल्या तीन भिंतीवर लावायच्याच असतील तर त्यांच्याखाली खरं लिहिलं: "बाजारातली साधी गिटार, जुनी दिसावी म्हणून मेहनत घेतलेली." तिसरीला पुढे जोडलं, "वरची फळी हातची." पण चौथीपाशी थांबले. जायफळाच्या नादात मी ती नीट बघितलीच नव्हती. ती आख्खी हातची आहे, अंजू. गळा, पोट, फळी, सगळं. दिवसभर बसले तिच्यापाशी.

त्या कार्डावर काय लिहिलं ते इथे सांगत नाही. रविराजने वाचलं, दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी उड्या मारत आला. "मॅडम, जबरदस्त! नाशिक म्हणजे द्राक्षं! बेदाण्याच्या शेडमध्ये मुरलेली गिटार! अमेरिकेची सगळ्यांकडे असते, ही कुणाकडे आहे?" म्हणजे खरं बोलण्याचीही जाहिरात होऊ शकते. मी त्याला सुधारायला गेले आणि त्याने धंदा केला. असू दे.

दसऱ्याला या. तू, भिकन आणि तो घोडा. मी बोलेन असं समजू नकोस.

बिलकिस

*

निफाड,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय बिल्लू,

आलो होतो. दसऱ्याची सकाळ विहारात गेली, म्हणून दुपारी पोचलो. तू लांब, रविराजच्या पाहुण्यांत कोपऱ्यात बसली होतीस, नाकावर चष्मा आणि चेहऱ्यावर तीच ती तुझी फाशी देणारी नजर. मला पाहिलंस आणि दुसरीकडे बघितलंस. मीही तेच केलं. या वयात मुलींसारखं वागायला बरं वाटलं.

भिकनना गर्दीत गुदमरायला होतं, ते बाहेर झाडाखाली उभे राहिले. राकेश आत जात नव्हता. मी हाताला धरून नेलं, शाळेच्या पहिल्या दिवशी नेलं होतं तसं. त्याला वाटत होतं, भिंतीवर लिहिलं असेल की हा चोर.

चौथ्या गिटारीसमोर तो उभा राहिला. कार्ड तो वाचायला लागला, मग मी वाचलं, कारण त्याला पुढचं दिसेना झालं. तुझं अक्षर मी कुठेही ओळखते:

"गिटार. वेलबर्न नाही. लाकूड शिवण. धुरी गंधकाची, बेदाण्याच्या शेडमध्ये. बांधली निफाड येथे, २०२५. कारागीर राकेश भिकन साळवे."

कारखान्यात सात वर्षं खुर्च्या केल्या त्याने, एकीखालीही कधी नाव लागलं नाही. बिल्लू, माझं पोरगं भर हॉटेलात रडलं. मीही. एका बाईने आम्हाला टिश्यू दिला आणि विचारलं, "घरचं कुणी गेलं का?"

पण कार्डावरची शेवटची, आवाजाची ओळ मला समजली नाही, म्हणून हे पत्र. भिंतीवर इतर ठिकाणांहून आणलेल्याही कितीतरी गिटारी आहेत, तुझ्याच सहीच्या. सगळ्यांखाली आवाजाच्या पुढे लिहिलंय, "विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे." फक्त राकेशच्या गिटारीखाली, "आवाज चांगला."

राकेश रोज विचारतो, मावशीने खरंच ऐकला का, की मैत्रीत सूट दिली? मी काय सांगू?

तुझी,
अंजली

*

नाशिक रोड,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अंजू,

हे पत्र घरात मोठ्याने वाच. भिकनना आत बोलाव, राकेशला समोर बसव. चढ-उतारासह वाच, धड्यासारखं नको.

मी आजवर सूट कुणाला दिलेली नाही. अब्बांना दिली नाही, रविराजला दिली नाही, तुला तर अजून द्यायची आहे, त्याचा हिशोब नंतर. त्या गिटारीवर मी सबंध दुपार हनुवटी टेकवून बसले होते. खालची तार छेडली आणि आवाज जबड्यातून वर चढला, कपाळापर्यंत गेला आणि तिथे बराच वेळ राहिला. बाहेर ट्रक जात होते, लोक बोलत होते, म्हणे. मला तेवढा एकच आवाज ऐकू आला, आणि तो पुरेसा होता.

पुढची बांधशील तेव्हा दलाल पाठवू नकोस राकेश, स्वतः घेऊन ये. समोर येऊन बोल, पाटी वाचलीच असशील. आणि जायफळ आईला दे, दिवाळीत श्रीखंडात घालील.

मावशी